मंडळीतली सेवा, पुढारीपण आणि त्याग – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इथं सोलापुरात मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाच्या बैठकीत, महिला मंडळात, आणि खरं सांगायचं तर जास्त करून उपासना संपल्यावर बाहेर चपला शोधताना लोक जे विचारतात तेच इथं लिहून काढलंय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, वीसेक वर्षं संडे स्कूल घेते आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत दोनदा बसलेय, एवढंच. त्यामुळं कुठं शंका आली तर पवित्र शास्त्र उघडून स्वतः बघा, माझ्यावर विसंबू नका.

सेवक आणि पुढारी, दोन्ही एकाच माणसात कसं काय? माणूस एकतर काम सांगतो नाहीतर ऐकतो.

हा घोटाळा शिष्यांचा पण झाला होता. पवित्र शास्त्रातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. याकोब आणि योहान, जब्दीची पोरं, येशूला म्हणतात की तुझ्या गौरवात आमच्यातल्या एकाला उजवीकडं बसव आणि एकाला डावीकडं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर त्यांची आईच येते शब्द टाकायला, आपल्याकडं पोराच्या नोकरीसाठी आई नगरसेवकाच्या दारात जाऊन बसते ना, अगदी तसं. बाकीचे दहा जण चिडले. आता ते का चिडले? त्यांना नम्रता कळली होती म्हणून? छे. खुर्ची त्यांना पण पाहिजे होती आणि ह्या दोघांनी आधी नंबर लावला. मग येशू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे, म्हणजे यहूदी नसलेल्यांचे, अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसलं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं आणि ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सगळ्यांचा दास व्हावं.

तिथला सेवक हा शब्द ग्रीकमध्ये डायकॉनॉस, म्हणजे पंगतीत वाढणारा, सांगितलेलं काम करणारा. मंडळीतलं आपलं डिकन हे पद तिथूनच आलंय. आता डिकन साहेब पंगतीत पहिल्या रांगेत बसतात ती गोष्ट वेगळी.

आणि ती उजवी-डावी जागा शेवटी कुणाला मिळाली माहितीय का? मार्कचाच पंधरावा अध्याय. क्रुसाच्या उजवीकडं एक लुटारू आणि डावीकडं एक. जब्दीच्या पोरांना कळलंच नव्हतं आपण काय मागतोय.

पण "देवाचे सेवक" हा तर आपल्यात मान आहे, फ्लेक्सवर फोटोखाली लिहितात. त्यात चूक काय?

शब्दात काही चूक नाही. फक्त फोटो केवढा आणि कुणाचा ते बघा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक गृहस्थ आहे, त्याच्याबद्दल लिहिलंय की त्याला सगळ्यात पहिलं असायची हौस होती, पाहुण्या बंधूंना तो घेत नव्हता आणि जे घेत होते त्यांना मंडळीबाहेर काढत होता. पहिल्या शतकात फ्लेक्स नव्हते म्हणून बरं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते ठीक, पण आज पाय धुण्याचा विधी करून काय साधतं?

विधी म्हणून चांगलाच आहे, मी विरोधात नाही. फक्त आपल्याकडं काय होतं की ज्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात ते घरून साबण लावून, नखं कापून, नवीन सॉक्स घालून येतात, म्हणजे पाळकांना धुवायला काही शिल्लकच राहत नाही! त्या काळी रस्त्याची धूळ, उघडी चप्पल, आणि पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या गड्याचं काम. मे महिन्यात आपल्या सोलापुरात चव्वेचाळीस डिग्रीत मार्केट यार्डातून चालत आलेल्या माणसाचे पाय डोळ्यापुढं आणा म्हणजे कळेल. गावाकडच्या घरात अजूनही पाहुणा आला की पायावर घ्यायला तांब्या देतात, पण तांब्या देतात, धुवून देत नाहीत, आणि फरक तिथंच आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात दोन गोष्टी आहेत ज्यावरून लोक पटकन पुढं जातात. एक म्हणजे यहूदा, येशूला पुढं धरून देणारा शिष्य. तो त्या वेळी खोलीतच होता, बाहेर गेला तो नंतर, म्हणजे त्याचे पण पाय धुतले गेले, आणि येशूला माहीत होतं हा काय करणारे. आपण तर व्हॉट्सॲपवर उलटा मेसेज टाकणाऱ्याला पुढच्या रविवारी सलाम पण करत नाही.

दुसरं म्हणजे पेत्र. तो म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. वरून नम्रता दिसते पण मला त्यात वेगळंच दिसतं. सेवा करणाऱ्या बऱ्याच जणांना सेवा घेता येत नाही, आजारी पडले तर कुणाला कळवत नाहीत, डबा आणला तर "कशाला त्रास घेतला" म्हणून परत पाठवतात. कारण घेणारा झालो की आपण वरचे राहत नाही. येशू त्याला सरळ सांगतो, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्यात वाटा नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये निवडून आल्यावर लगेच रोमच्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या आणि मुसलमान पण होते, त्यावरून बरीच चर्चा झाली. आम्ही प्रोटेस्टंट लोक, आम्हाला पोपचं काय, असं आमच्यात एक काका म्हणाले. मी म्हटलं काका तुम्ही सबजेलच्या दारापर्यंत तरी गेलाय का कधी. मग विषय बदलला.

म्हणजे सेवक-पुढाऱ्यानं सगळ्यांचं ऐकायचं, कुणाला बोलायचंच नाही?

नाही हो. मंदिरात सराफांचे चौरंग उलथणारा आणि पाय धुणारा येशू एकच. प्रेषित पौलानं अंत्युखिया शहरात पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं, ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, कारण यरुशलेमहून माणसं आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायचं सोडून बाजूला झाला होता. बोलायचं तर असतंच. फक्त ज्यासाठी बोलतोय त्यात आपला फायदा किती आणि त्या बाजूला बसवलेल्या माणसाचा किती, हे आधी मोजून घ्यायचं.

आमच्या मंडळीत मराठी, तेलुगू, कन्नड सगळे आहेत. काही घरांना वाटतं आम्हाला मागं ठेवतात. पुढाऱ्यांनी काय करावं?

हा प्रश्न सोलापूरचाच आहे, बाहेरच्याला पटकन समजणार नाही. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी घरं, अक्कलकोट-इंडीकडून आलेली कन्नड घरं, आणि कमिटीत सगळे मराठीच. नाताळच्या पंगतीत कुणाला आधी वाढलं, संडे स्कूलच्या नाटकात कुणाच्या पोराला राजा केलं आणि कुणाच्या पोराला मेंढरू, ह्यावरून कुरबुर होते ती वरून पंगतीची असते पण आतून दुसरीच असते.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. अगदी हेच झालं. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतं, इब्री (हिब्रू) बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळतं. प्रेषित, म्हणजे येशूचे ते शिष्य जे आता पुढारी होते, काय म्हणू शकले असते? "आमच्यावर संशय घेता?" किंवा "एकी ठेवा, सैतान फूट पाडतोय." आपल्याकडं तक्रार आली की हमखास सैतानाचं नाव निघतं. त्यांनी तसं काही केलं नाही. लोकांना म्हणाले तुमच्यातून सात जण निवडा. आणि निवडलेल्यांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पळी दिली, आणि नुसती त्यांच्या विधवांसाठी नाही तर सगळ्यांच्या वाटपासाठी दिली. मला विचाराल तर अख्ख्या नव्या करारात पुढारीपणाचा एवढा धाडसी निर्णय दुसरा नाही, कारण अधिकार वाटून देणं हे पाय धुण्यापेक्षा अवघड आहे, पाय धुतले की फोटो येतो, अधिकार दिला की परत मिळत नाही.

आम्ही एकदा नाताळच्या जेवणाचा सगळा कारभार तेलुगू घरातल्या बायकांकडं दिला, हिशोबाची वही पण त्यांच्याकडं. काही जण कुरकुरले की भाजी लई तिखट झाली. झाली होती खरी. पण कुरबुर मात्र त्या वर्षी भाजीचीच होती.

त्याग किती करायचा? सगळंच द्यायचं का?

किती हा प्रश्न मी आधी घेत नाही, कुणाचं देताय ते आधी विचारते. लोक यावर चिडतात पण मी मागं घेणार नाही. मी असे पुढारी बघितलेत ज्यांच्या त्यागाचं लोक कौतुक करतात आणि त्या त्यागाची किंमत घरात बायको भरत असते, पोरांची फी थकलेली असते, म्हातारी आई दुसऱ्या भावाकडं टाकलेली असते. हा त्याग झाला, पण दुसऱ्याचा.

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू नेमकं ह्याच्यावर बोललाय. लोक आईबापांना द्यायचं ते "कर्बान" म्हणजे देवाला अर्पण आहे असं सांगून हात झटकत होते, आणि तो म्हणाला अशानं तुम्ही देवाचं वचन रद्द करता. कर्बान आणि आपल्याकडचा कुर्बानी हा शब्द एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ जवळ येणं असा आहे. जवळ येण्यासाठी असलेली गोष्ट लोकांनी आईबापांपासून लांब जायला वापरली.

विधवेनं दान दिलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन बारक्या नाण्यांचं, पण असंच. दानावर संदेश असला की ती गोष्ट ठरलेली. पण मार्कच्याच बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीचं वाक्य वाचा, तिथं शास्त्री लोक विधवांची घरं गिळून टाकतात म्हणून येशू ताशेरे ओढतोय, आणि पुढच्याच प्रसंगात एक विधवा होतं नव्हतं ते पेटीत टाकते. तिचं मन मोठं होतं ह्यात शंकाच नाही. पण विडी वळून घर चालवणाऱ्या बाईसमोर पेटी फिरवताना ह्या दोन्ही गोष्टी पुढाऱ्याच्या डोक्यात पाहिजेत.

रेव्हरंड टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. मोठीच गोष्ट. पण त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात त्या वाचल्या की कळतं की आयुष्यभर ह्यांनी आल्यागेल्याला द्यायचं आणि घरात काय शिजवायचं ते तिनं बघायचं. ती हसत-रागवत सांगते, त्यामुळं आपण पण हसतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टिळकांची फॅन झाले, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्ष्मीबाईंची.

मग खरा त्याग केलेलं जवळचं उदाहरण सांगा ना.

पुण्याला रेल्वेनं जाता ना, दौंड गेलं की केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरीबाळींना घेऊन आल्या. आणलं आणि नुसतं जेवायला घातलं असं नाही, त्यांना वाचायला शिकवलं, विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं आणि ते जुळवायला, छापायला ह्याच पोरी होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर सगळं सोपवायचं ठरलं होतं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. आख्खं भाषांतर छापून आलं ते 1924 मध्ये, त्यांच्या मागं.

मला ह्यात सगळ्यात काय आवडतं तर दुष्काळात रस्त्यावर पडलेली पोरगी काही वर्षांनी हिब्रूतून आलेल्या वचनाचे छपाईचे खिळे जुळवत बसलीय. सेवा केलेला माणूस आयुष्यभर आपल्या दारात हात जोडून उभा राहिला तर कुठंतरी चुकलंय.

पाळकांना पगार कशाला? पौल तर स्वतः कमवून खात होता.

हे वाक्य जे बोलतात ते स्वतः मात्र पगारवाढीसाठी संपावर गेलेले असतात. पौल तंबू करणारा कारागीर होता, करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ह्यांच्याबरोबर त्याच धंद्यात बसला, हे खरंय, आणि मागावर आयुष्य गेलेल्या आपल्या सोलापूरच्या माणसाला तो जवळचा वाटतो. पण त्याच पौलानं करिंथकरांना लिहिलंय की सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर जगावं अशी प्रभूची आज्ञा आहे. त्यानं स्वतःचा हक्क सोडला. दुसऱ्याचा हक्क सोडायला लावणं ह्याला पौलाचा आधार नाही.

सेवा करून थकवा येतो, पण थांबलं की अपराधी वाटतं.

एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून ईजबेल राणीच्या धाकानं पळाला आणि रानात एका झुडपाखाली पडून म्हणाला मला मरण दे. देवदूतानं त्याला काय केलं? प्रवचन नाही, उपवास-प्रार्थना नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला घातलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दुपारची झोप ही आध्यात्मिक गोष्ट आहे असं मी म्हणते तेव्हा पोरं हसतात पण 1 राजे 19 मध्ये जवळपास तेच आहे. मोशेला पण सासऱ्यानं, इथ्रोनं, सांगितलं होतं की तू एकटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलास तर तू पण झिजशील आणि लोक पण. सासऱ्याचं ऐकलं त्यानं. आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं असतं?

स्वयंपाक, चहा, झाडलोट हे बायकांनीच करायचं का? हीच का बायकांची सेवा?

मार्था आणि मरीया ह्या बहिणींवर, एक येशूच्या पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि दुसरी त्याचं ऐकत बसली त्यावर, संदेश देऊन झाला, "मार्थासारखं कामात गुंतू नका" सांगून झालं, की स्टेजवरून उतरल्यावर पहिला प्रश्न असतो, चहा झाला का. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी आहे, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. तिथं मूळ शब्द तोच, डायकॉनॉस. पुरुषाला लावला की डिकन साहेब आणि बाईला लावला की चहा, असं ग्रीकमध्ये नाही. उपाय सोपा आहे, कपबशा धुवायची पाळी लावा आणि त्या यादीत पंचांची नावं सगळ्यात वर लिहा.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्या त्यागाला आपण काय म्हणायचं?

त्याग म्हणायचं, दुसरं काय. चार हुतात्मा पुतळ्यांवरून आपण रोज जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले. चौघांत एकाचं नावच कुर्बान. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्याच सोलापूरचे, 1938 मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि 1942 मध्ये तिथंच वारले, वय 32. आपल्या मराठी ख्रिस्ती बोलीत हुतात्म्याला रक्तसाक्षी म्हणतात, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच साक्षीदार. मरणं हा त्यातला मुख्य भाग नाही, कशाबद्दल साक्ष दिली तो आहे. आणि येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाजवळ थांबणारा परका शोमरोनी होता, आपल्यातला नव्हता, हे येशूनंच मुद्दाम सांगितलंय.

पदावर नसताना पुढारीपण करता येतं का?

आमच्यात एक काका आहेत, गिरणी बंद पडल्यावर रिकामे झालेले. सोलापूरचं पाणी कसं येतं ते तुम्हाला माहितीये, काही दिवसाआड, आणि ते पण कधी रात्री अडीचला. ज्या रात्री पाणी यायचं असतं त्या रात्री हे काका मंडळीच्या आवारात खाट टाकून झोपतात, मोटर लावतात, टाकी भरली की बंद करतात. किती वर्षं करताहेत कुणाला धड आठवत नाही. एका एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन आठवडे टाकी रिकामी, आणि ईस्टरच्या जेवणाला टँकर मागवावा लागला, तेव्हा कमिटीतल्या निम्म्या लोकांना कळलं की टाकी आपोआप भरत नव्हती. पुढच्या निवडणुकीत त्यांचं नाव सुचवलं तर म्हणाले, नको बाई, मीटिंगा लई लांबतात तुमच्या.

ताई, हे सगळं तुम्ही स्वतः करता का?

नाही. एका डिसेंबरमध्ये मी रोज संध्याकाळी मंडळीत, कॅरलची प्रॅक्टिस, नाटक, स्टार बांधणं, लोक म्हणायचे ताईंची केवढी सेवा, आणि घरी सासूबाई तापानं फणफणलेल्या, त्यांना गोळ्या द्यायला माझी दहावीतली पोरगी अभ्यास सोडून बसायची. सहामाहीत तिचे गणितात मार्क आधीच कमी होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नाताळच्या दिवशी मी स्टेजवर माझा सत्कार करून घेतला, शाल घेतली, आणि घरी आल्यावर पोरगी म्हणाली, आई, ती शाल आजीला दे. वरचं कर्बानचं उत्तर मी शास्त्रातून शिकले असं सांगते, पण शिकले ते त्या संध्याकाळी. शाल सासूबाईंनी चार हिवाळे वापरली.

आणि कपबशांची पाळी आम्ही खरंच लावलीय. मागच्या रविवारी माझी होती, बरोबर एक पंच होते, ते फोन आला म्हणून बाहेर गेले ते सगळं धुवून झाल्यावरच आले. त्रेसष्ट कप होते. मी धुतले, पण तोंड वाकडं करूनच धुतले.